हेलो गेला!

२०२५ ची भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. शनिवारची सकाळ, हातात चहा, पुढ्यात उरलेला चिवडा (दिवाळीनंतर नेहमी चिवडाच का उरतो आणि चकल्या कुठे जातात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे). फोन वाजला. नाशिकचा भाचा. मी म्हटलं, "हॅलो."

पलीकडून रडवेला आवाज. "मामा, हेलो गेला!"

सकाळी सकाळी फोनवर "गेला" हा शब्द ऐकला की आमच्या पिढीच्या छातीत धस्स होतं. कोण गेला, कधी गेला, आता कुठली गाडी पकडायची... सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. मग उलगडा झाला. हेलो हा गेम आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची शान. २००१ पासून जो प्लेस्टेशनवर कधीही आला नव्हता, तो आता नव्याने घडवून २०२६ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन ५ वरही आणणार, अशी घोषणा आदल्या रात्री अमेरिकेत झाली होती. भाच्याच्या दृष्टीने हे म्हणजे आपल्या घरच्या पोराने भावकीतल्या ज्या घराशी बोलणं बंद आहे, त्यांच्याकडे जाऊन जेवायला बसण्यासारखं होतं.

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. कारण याच मुलाने २०२३ च्या दिवाळीत मला आग्रहाने पेढा भरवला होता. त्या वर्षी १३ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही अवाढव्य गेम कंपनी ६,८७० कोटी डॉलरला विकत घेण्याचा व्यवहार पूर्ण केला होता. भाचा म्हणाला होता, "मामा, आता सगळं आपलं!" मी पेढा खाल्ला आणि गप्प बसलो. सणासुदीला वाद कशाला, म्हणून. पण ते "आपलं" माझ्या डोक्यात तेव्हापासून रुतून बसलंय. आता त्याने फोन केलाच आहे तर म्हटलं सविस्तर लिहूनच टाकावं. ताई हे वाचते, ती त्याला दाखवेलच.

*

मला स्वतःला कुठल्याच खोक्याबद्दल "आपलं" वाटत नाही. त्याचं कारण बहुधा सांगलीत आहे.

नव्वदच्या दशकात सांगलीला आमच्या मावशीकडे एक "टीव्ही गेम" होता. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांकडे, नाहीतर त्यांच्या मावशीकडे, तो असणार. खोक्यावर कुठलंसं भारदस्त इंग्रजी नाव, जे पुढे कुठेही ऐकलं नाही. सोबत एक पिवळी कॅसेट. तिच्यावर "९९९ गेम" असं लिहिलेलं असायचं आणि आत खरे गेम दहा-बारा, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची आणि पुन्हा खुपसायची. आम्ही सहा मावसभावंडं, कंट्रोलर दोन. उरलेले चार जण "मेलास, आता दे" म्हणायला टपून बसलेले.

आम्ही काय खेळायचो? काँट्रा. रोड फायटर. टँक (त्याचं खरं नाव बॅटल सिटी आहे, हे मला फार उशिरा कळलं). बॉम्बरमॅन. आणि मारिओ.

तो खोका म्हणजे निंटेंडो या जपानी कंपनीच्या १९८३ च्या 'फॅमिकॉम' यंत्राची तैवान-चीनकडे बनलेली नक्कल होती, हे नोकरीला लागल्यावर कळलं. त्याहून गंमत पुढे आहे. वरच्या यादीतला फक्त मारिओ निंटेंडोचा. काँट्रा आणि रोड फायटर कोनामीचे. टँक नामकोचा. बॉम्बरमॅन हडसन सॉफ्टचा. म्हणजे ज्या यंत्राचं खरं नाव आम्हाला माहीत नव्हतं, त्यावर आम्ही मुख्यतः ज्या कंपन्यांचे गेम खेळलो, त्या यंत्राच्या मालक नव्हत्याच. सगळी बाहेरची माणसं.

गेमच्या धंद्यात यांना "थर्ड पार्टी" म्हणतात. आपल्याकडे थर्ड पार्टी म्हटलं की गाडीचा विमा आठवतो, पण इथे अर्थ वेगळा. ज्याचं यंत्र तो फर्स्ट पार्टी. त्या यंत्रासाठी गेम बनवणारी, पण त्याच्या मालकीची नसलेली कंपनी म्हणजे थर्ड पार्टी.

नाटकाचं उदाहरण घ्या. थिएटर एकाचं, नाटक कंपनी दुसऱ्याची. प्रेक्षक येतात ते नाटकासाठी. पंखे चालतात की नाही, खुर्च्या मोडक्या आहेत का, याची चर्चा मध्यंतरात होते, पण फक्त खुर्च्या बघायला तिकीट काढून कोणी येत नाही. कन्सोलचं तसंच आहे. यंत्र पुष्कळदा जेमतेम नफ्यात, कधीकधी तोट्यातही विकतात. खरी कमाई गेममधून. बाहेरच्या कंपनीचा गेम विकला गेला की त्यातला मोठा वाटा, हल्ली साधारण तीस टक्के, यंत्रवाल्याकडे जातो. म्हणून यंत्रवाल्याला बाहेरची माणसं हवीच असतात. आणि त्याच वेळी त्यांची भीतीही असते, कारण ती उठून समोरच्या थिएटरात जाऊ शकतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्यासारख्या खेळणाऱ्यांचं भलं त्या "उठून जाऊ शकतात" मध्ये आहे. कोणतं खोकं जिंकलं यात नाही.

*

सुरुवातीला थर्ड पार्टी हा प्रकारच नव्हता. १९७७ साली अटारीचं यंत्र आलं तेव्हा यंत्रही अटारीचं आणि गेमही अटारीचेच. गेम लिहिणारे पगारी नोकर. खोक्यावर त्यांचं नाव नाही, विक्रीत वाटा नाही. वॉरन रॉबिनेट नावाच्या एकाने आपल्या 'अ‍ॅडव्हेंचर' गेममध्ये एक गुप्त खोली ठेवली आणि तिच्यात स्वतःचं नाव लपवलं. मालकाला न सांगता! देवळाच्या मागच्या भिंतीवर कारागिराने हळूच नाव कोरावं तसं.

बाकीच्यांनी निराळा मार्ग धरला. डेव्हिड क्रेन आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, की कंपनीच्या विक्रीतला भलामोठा हिस्सा आपल्या चौघांच्या गेममधून येतोय. ते वरच्या साहेबाकडे गेले. साहेब कापड उद्योगातून आलेले. क्रेनने पुढे अनेकदा सांगितलंय, की त्यांना मिळालेल्या उत्तराचा मथितार्थ असा होता: कारखान्यात बसून कॅसेट जुळवणाऱ्या कामगाराइतकेच तुम्ही महत्त्वाचे, जास्त नाही.

चौघं बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी कंपनी काढली. नाव अ‍ॅक्टिव्हिजन. होय, भाच्या, तीच. तुझ्या पेढ्यातली.

जगातली ही पहिली थर्ड पार्टी. अटारीने खटला भरला, १९८२ मध्ये तडजोड झाली आणि रॉयल्टी देऊन दुसऱ्याच्या यंत्रासाठी गेम काढता येतात हे ठरून गेलं. त्याच वर्षी क्रेनचा 'पिटफॉल' आला आणि त्याच्या चाळीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. अ‍ॅक्टिव्हिजनच्या खोक्यावर गेम लिहिणाऱ्याचं नाव छापलेलं असायचं.

हे वाचलं तेव्हा मला फार आत कुठेतरी लागलं. मी वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रणांसाठी सॉफ्टवेअर लिहितोय. एकदा आम्ही तिघांनी आठ महिने खपून बनवलेल्या एका कामाचं थाटात उद्घाटन झालं. नारळ फुटला, भाषणं झाली, आमच्यापैकी कोणाचं नाव निघालं नाही. जेवण मात्र चांगलं होतं. :) तेव्हा मी काही कंपनी काढली नाही, घरी येऊन झोपलो. म्हणून ज्यांनी काढली त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

*

अर्थात दार उघडलं म्हणून सगळं गोड झालं असं नाही. अटारीच्या यंत्रावर कोणीही उठावं आणि गेम काढावा असं सुरू झालं. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीनेसुद्धा गेमची शाखा उघडली. कुत्र्यांच्या खाद्याच्या जाहिरातीचा गेम निघाला. खुद्द अटारीने 'ई.टी.' घाईघाईत उरकला. दुकानं रद्दी मालाने भरली आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला हा धंदा कोसळला. न विकलेल्या कॅसेट अटारीने न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डो गावाजवळ पुरल्या. ही दंतकथा आहे असं लोक समजत, पण २०१४ मध्ये जमीन खणली आणि कॅसेट खरोखरच निघाल्या.

निंटेंडोने यातून धडा घेतला, आणि मग तो जरा जास्तच घेतला. १९८५ मध्ये अमेरिकेत यंत्र आणताना त्यांनी आत एक कुलूप बसवलं. यंत्रात एक चिप, कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघींचं जमलं तरच गेम चालणार. (आमच्या सांगलीच्या खोक्याचा पूर्वज जो जपानी फॅमिकॉम, त्यात ही चिप नव्हती. म्हणून नकलांचा एवढा सुळसुळाट झाला आणि म्हणून आम्हाला काँट्रा मिळाला. देवाची लीला.)

कुलपाबरोबर नियम आले. बाहेरच्या कंपनीने वर्षाला पाचच गेम काढायचे. तो गेम दोन वर्षं दुसऱ्या यंत्रावर न्यायचा नाही. कॅसेट निंटेंडोकडूनच बनवून घ्यायच्या, पैसे आधी मोजायचे, माल पडून राहिला तर तुमचं नशीब. कोनामीने पाचाच्या नियमातून पळवाट म्हणून 'अल्ट्रा गेम्स' नावाची दुसरी कंपनी उभी केली. एकाच घरात दोन रेशनकार्डं, अगदी आपल्यासारखं.

निंटेंडोचं काही चुकलं असं मी सरसकट म्हणणार नाही. रद्दी मालाला आळा बसला, लोकांचा विश्वास परत आला. पण कुलूप लावणाऱ्याला एक सवय लागते. त्याला वाटायला लागतं की लोक आपल्या कुलपासाठीच येतायत.

ती सवय मोडायला दुसरं थिएटर लागतं. ते सेगाने बांधलं. त्यांचं मेगा ड्राइव्ह (अमेरिकेत जेनेसिस) आलं, तेव्हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीने ते यंत्र उलगडून, त्याचं आतलं काम स्वतःच समजून घेतलं आणि सेगाला सांगितलं: तुमच्या अटी शिथिल करा, नाहीतर आम्ही तुमच्या परवान्याशिवायही गेम काढू शकतो. १९९० मध्ये करार झाला, बऱ्याच सवलतींचा. अ‍ॅकोलेड नावाच्या दुसऱ्या कंपनीनेही अशीच उकल केली, तिच्यावर सेगाने खटला भरला, आणि १९९२ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने अ‍ॅकोलेडच्या बाजूने निकाल दिला. आता निंटेंडोच्या अंगणातल्या कंपन्यांना जायला दुसरी जागा होती.

*

खरी उलथापालथ त्यानंतर झाली. सोनीचं पहिलं प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानात आलं. सोनीला तोवर घरचे गेम बनवण्याचा फारसा अनुभव नव्हता. आणि माझ्या मते तेच त्यांच्या पथ्यावर पडलं. घरात स्वयंपाकी नसला की आचाऱ्याशी नीट बोलावं लागतं! सोनीने नामकोसारख्या कंपन्यांना सुरुवातीपासून जवळ केलं. त्यात सीडीचा फायदा. कॅसेट बनवून घ्यायच्या तर खर्चिक आणि वेळखाऊ. सीडी स्वस्त आणि गेम चालला तर झटपट आणखी छापता येते. शिवाय एका सीडीत सुमारे ६५० एमबी मावायचे. निंटेंडो मात्र १९९६ च्या निंटेंडो ६४ लाही कॅसेटवरच अडून राहिलं, आणि त्याची मोठ्यात मोठी कॅसेट ६४ एमबीची.

स्क्वेअर नावाची कंपनी १९८७ पासून 'फायनल फँटसी' मालिकेचे मुख्य भाग निंटेंडोच्या यंत्रांवर काढत होती. सहा भाग तिथेच. सातव्याची कल्पना मोठी होती, ती कॅसेटमध्ये मावेना. जानेवारी १९९७ मध्ये सातवा भाग आला तो तीन सीडींवर, प्लेस्टेशनसाठी. पुढे 'ड्रॅगन क्वेस्ट'ही तिकडेच गेला. शेवटी हिशेब असा झाला: प्लेस्टेशन १० कोटींहून अधिक, निंटेंडो ६४ सुमारे ३ कोटी २९ लाख. निंटेंडोकडे तेव्हाही मारिओ होता, झेल्डा होता, आणि ते गेम आजही लोक डोक्यावर घेतात. पण पाहुणे उठून गेले होते.

सेगाची गोष्ट याहून करुण आहे. १९९८ मध्ये जपानात आणि १९९९ मध्ये अमेरिकेत त्यांचं ड्रीमकास्ट आलं. काळाच्या पुढचं यंत्र. सेगाने स्वतः त्यावर एकाहून एक सरस गेम काढले. पण ज्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने मेगा ड्राइव्हला हात दिला होता, तिने ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही. अमेरिकेत तिचे खेळांचे गेम नसणं म्हणजे आपल्याकडे टीव्हीवर क्रिकेट नसणं. त्यात समोर प्लेस्टेशन २ येऊन ठाकलं. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने यंत्रं बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. सुमारे ९१ लाख यंत्रं विकली गेली होती. सेगाचे वृद्ध अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी कंपनी तगावी म्हणून तिचं स्वतःकडचं कर्ज माफ केलं, आपले शेअर परत दिले आणि त्याच मार्चमध्ये ते गेले.

त्या वर्षअखेरीस सेगाचा सोनिक निंटेंडोच्या यंत्रावर आला. ज्या दोघांच्या भांडणावर एक पिढी वाढली, त्यांतला एक दुसऱ्याकडे थर्ड पार्टी म्हणून राहायला आला! तेव्हाही जगभरातले कित्येक भाचे रडले असणार. पण गंमत बघा, कंपनी जगली, सोनिक जगला आणि गेम खेळणाऱ्यांना सोनिक मिळत राहिला. गेलं ते फक्त खोकं.

*

इथे भाचा मला अडवणार. "मामा, मग निंटेंडो अजून कशी काय आहे? ती तर स्वतःचेच गेम विकते."

आक्षेप बरोबर आहे, आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. २००६ चं वी १० कोटींवर खपलं ते मुख्यतः घरच्या स्वयंपाकावर. असा हात असलेली दुसरी कंपनी मला दिसत नाही. पण घरचा स्वयंपाकही दरवेळी तारत नाही. २०१२ चं वी यू आठवा. ते जाहीर झालं तेव्हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या प्रमुखांनी व्यासपीठावर येऊन अभूतपूर्व भागीदारीची भाषा केली होती. २०१३ उजाडेपर्यंत ती भागीदारी विरली. यंत्रं खपली सुमारे १ कोटी ३५ लाख. पुढचं स्विच २०१७ मध्ये आलं तेव्हा निंटेंडोने पाहुण्यांकडे नीट लक्ष दिलं. त्यावर मारिओ-झेल्डा होतेच, पण 'स्कायरिम' होता, 'विचर ३' होता, आणि छोट्या छोट्या लोकांचे शेकडो गेम होते. 'स्टारड्यू व्हॅली' एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने बनवलेला. 'हॉलो नाइट' ऑस्ट्रेलियातल्या मूठभर लोकांचा. स्विच १५ कोटींच्या वर गेलं.

आणि घरच्या स्वयंपाकाला माझा विरोध नाहीच. मारिओ निंटेंडोने बनवला, तो निंटेंडोकडेच मिळतो, ठीक आहे. आमच्या आजीचं लोणचंही आजीकडेच मिळायचं. माझा विरोध आहे तो गावातला आचारी पगारावर बांधून ठेवण्याला, का, तर शेजाऱ्याच्या लग्नात पंगत उठू नये म्हणून.

*

आता हेलोकडे येतो. भाच्या, तुला एक गोष्ट माहीत नसेल. हेलो जगासमोर पहिल्यांदा आला तो १९९९ मध्ये, आणि तो दाखवणारा माणूस होता स्टीव्ह जॉब्ज. अ‍ॅपलच्या सोहळ्यात, मॅकवर! बंजी ही तेव्हा स्वतंत्र कंपनी होती. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि २००१ मध्ये हेलो एक्सबॉक्सबरोबर बाजारात आला. म्हणजे तू ज्याला घरचा मुलगा म्हणतोस तो दत्तक आलेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या पैशाने हेलोला बळ मिळालं हेही खरं, ते नाकारत नाही. पण २००७ मध्ये बंजी मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडली, आणि २०२२ मध्ये तिला कोणी विकत घेतलं? सोनीने. ३६० कोटी डॉलरला. हेलो मायक्रोसॉफ्टकडे, हेलो बनवणारी कंपनी सोनीकडे, आणि तू आणि तुझे मित्र शाळेच्या व्हॅनमध्ये यावरून भांडताय.

आणि अ‍ॅक्टिव्हिजन. आमचं नाव छापा, आम्हाला माणूस म्हणून मोजा, एवढ्यासाठी यंत्रवाल्याच्या घरातून चार माणसं बाहेर पडली आणि थर्ड पार्टी ही जातच जन्माला आली. ती कंपनी ४४ वर्षांनी पुन्हा एका यंत्रवाल्याच्या घरात गेली. मधल्या काळात अ‍ॅक्टिव्हिजनही काही साधीसुधी राहिली नव्हती, ती स्वतःच सावकार झाली होती, हे मान्य. तरीही त्या दिवशी मला पेढा गोड लागला नाही.

व्यवहाराच्या वेळी सगळ्या जगाला चिंता एकच होती: 'कॉल ऑफ ड्यूटी' प्लेस्टेशनवर राहील का? मायक्रोसॉफ्टने निंटेंडोशी आणि सोनीशी दहा-दहा वर्षांचे करार केले, तेव्हा कुठे वातावरण निवळलं. ज्या गोष्टीसाठी आधी कोणाला करार लागत नव्हता, तिच्यासाठी आता करार लागला.

पुढे काय झालं ते सगळ्यांसमोर आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेम विभागातल्या १,९०० लोकांना कामावरून कमी केलं. त्याच वर्षी मे महिन्यात 'हाय-फाय रश' बनवणारा टँगो हा जपानी स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या गेमचं वर्षभर कौतुक झालं होतं. (सुदैवाने ऑगस्टमध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीने त्यांना हात दिला.) सोनीच्या घरातही वेगळं नाही. जुलै २०२४ मध्ये बंजीतल्या २२० लोकांना जावं लागलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सच्या गेम पासची वरची वर्गणी अमेरिकेत वीस डॉलरवरून तीस डॉलर झाली. आणि इतकं सगळं विकत घेऊन, शेवटी यंत्रं पुरेशी विकली जात नाहीत म्हणून हेलो प्लेस्टेशनकडे निघाला.

तर मग "आता सगळं आपलं" मधलं आपल्या वाट्याला नेमकं काय आलं?

*

फोनवर भाच्याने एक प्रश्न मात्र चांगला विचारला. म्हणाला, "मामा, सगळेच गेम सगळीकडे मिळाले, तर मग स्पर्धा कशाची?"

मी विचार करून सांगितलं ते असं. स्पर्धा किमतीची होऊ दे. यंत्र किती टिकतं, बिघडलं तर कोण दुरुस्त करून देतं, विकत घेतलेला गेम पुढच्या यंत्रावर चालतो का, याची होऊ दे. बाहेरून नवा माणूस गेम घेऊन आला तर कोण त्याला पटकन आत घेतं आणि कोण दारात उभं करतं, याची होऊ दे. तुझ्या आईने पन्नास हजारांच्या आसपासचं खोकं तुला घेऊन दिलं, तर त्या पैशांबद्दल कंपन्यांनी एवढं तरी भांडावं. गेम पळवून ठेवण्याचं भांडण आपल्या पैशांसाठी असतं, आपल्यासाठी नसतं.

आणि नव्या माणसाचं म्हणशील तर तो लांब नाही. 'राजी' नावाचा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. २०१७ मध्ये त्यांचा लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी तो पुरा केला आणि ऑगस्ट २०२० मध्ये तो पहिल्यांदा आला निंटेंडो स्विचवर. तेव्हा स्विच भारतात अधिकृतपणे विकायलाही नव्हता! ऑक्टोबरमध्ये तो प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर पोचला आणि त्या वर्षी पदार्पणातल्या सर्वोत्तम छोट्या गेमसाठी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्याला नामांकन मिळालं. सांगलीत आम्ही निंटेंडोच्या नकली खोक्यावर जपानी कंपन्यांचे गेम खेळलो. तीस वर्षांनी पुण्याचा गेम खऱ्या निंटेंडोवर गेला, थर्ड पार्टी म्हणून, आणि दोन महिन्यांत तिथून उठून बाकीच्यांकडेही गेला. त्याला जाता आलं, ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

आपलं म्हणायचंच असेल तर मी याला म्हणेन.

असो. लेख फारच लांबला. परवा भाच्याचा मेसेज आला. त्याच्या वर्गातला प्लेस्टेशनवाला मित्र, ज्याच्याशी त्याचं गेली दोन वर्षं हाडवैर आहे, तो म्हणाला म्हणे, "हेलो आला की मला शिकवशील का?"

मी विचारलं, मग तू काय म्हणालास?

"म्हटलं, बघू. पण मामा, त्याला साधं निशाण धरता येत नाही. मलाच शिकवावं लागणार."